आयुधपूजेनंतरची माती

पुण्याहून बंगळूरला गेलेला माणूस कॉम्प्युटरसमोर बसतो, असा आमच्या नात्यागोत्यात पक्का समज आहे, आणि माझ्या आईने तो कधी खोडून काढलेला नाही. कुणी विचारलंच तर ती "क्वालिटीत आहे" एवढं सांगते आणि विषय लोणच्यावर नेते. ते खोटं नाही. मी क्वालिटीतच आहे. फक्त माझी क्वालिटी मातीची असते. जुन्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं जमिनीत जे काय सांडलं, ओतलं, मुरवलं, ते शोधायचं, ती माती उकरून काढायची, आणि शेवटी जमीन आता निर्धोक झाली हे पुराव्यानिशी दाखवायचं, असा आमच्या कंपनीचा उद्योग. बाकीचे लोक उकरतात. मी त्यांच्या मागे उभा राहून "असं नाही, तसं" म्हणतो. घरातल्या लग्नांत हे काम माझे मोठे काका फुकट करायचे. मला त्याचा पगार मिळतो.

ज्या जागेबद्दल सांगतोय ती बंगळूरच्या शिवाजीनगरात, बाजारामागच्या एका गल्लीत होती. पूर्वी तिथे मुलामा देण्याचा कारखाना होता. स्कूटरचे बंपर, नळाच्या तोट्या, लोखंडी पलंगांचे गोळे, सगळं तिथल्या टाक्यांत बुडायचं आणि चकाकत बाहेर पडायचं. चकाकी गिऱ्हाईक घेऊन जायचं, उरलेलं पाणी जमीन प्यायची. त्यामुळे त्या मातीत क्रोमियम आणि निकेल ठासून भरलेलं. कारखाना बंद पडला, मालक गेले, वारसांनी जागा एका ट्रस्टला दिली आणि ट्रस्टने ठरवलं की इथे बालवाडी बांधायची. खोल्या एका बाजूला, बाकी सगळं खेळायला अंगण. खोल्या बांधून झाल्या, अंगणाची माती आमच्याकडे आली.

बालवाडी खरं तर चालूच होती, दोन गल्ल्या सोडून, एका भाड्याच्या खोलीत. चालवणाऱ्या बाई मराठी. पण माझ्यासारख्या परवा आलेल्या मराठी नव्हेत. त्यांचे पूर्वज कधीकाळी घोड्यांवरून इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं, असं त्या सांगत. त्यांच्या मराठीत कानडी असं काही मिसळलंय की दूध कुठलं आणि पाणी कुठलं हे त्यांनाही सांगता येणार नाही. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या मला पहिल्या दिवसापासून अण्णा म्हणाल्या. वयाने त्या माझ्यापेक्षा चांगल्या पंधरा वर्षांनी मोठ्या, पण बंगळुरात अण्णा व्हायला वय लागत नाही, दिसलात की झालं.

पहिल्या भेटीत मी त्यांच्यापुढे नकाशा पसरला. कुठल्या भागात काय किती खोलवर आहे, आम्ही ते कसं काढणार, त्याजागी बाहेरून स्वच्छ तांबडी माती कशी आणणार, असं बरंच बोललो. माझ्या मते चांगलं बोललो. त्या प्रत्येक वाक्याला "सरी, सरी", म्हणजे ठीक, ठीक, म्हणत होत्या. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "सगळं सरी, अण्णा. पण कधी?"

त्यांचं 'कधी' साधं नव्हतं. खोलीच्या मालकाला ती खोली दिवाळीला परत हवी होती, जावयाला मिठाईचं दुकान काढून द्यायचं म्हणून. त्याचा निश्चय झाला होता, काउंटरची काचसुद्धा येऊन पडली होती. दिवाळीपर्यंत अंगण निर्धोक ठरलं तर पोरं नव्या जागेत. नाही ठरलं तर बालवाडी बंद. पोरांच्या आया बहुतेक करून शिवणाच्या कारखान्यात किंवा घरकामाला जाणाऱ्या. पोरं ठेवायला दुसरी जागा त्यांच्याकडे नव्हती, आणि अक्कांकडेही नव्हती. मी म्हणालो, "दिवाळीच्या आधी, अक्का. अगदी आरामात." 'आरामात' हा शब्द मी कामाच्या बाबतीत आता वापरत नाही.

काम मात्र खरोखर छान झालं. पिवळट हिरवी माती निघून गेली, तांबडी आली, दाबली गेली. उरली होती शेवटची परीक्षा. अंगणावर दोऱ्या ताणून चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात गिरमिट फिरवून माती वर काढायची, बरणीत भरायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. गिरमिट म्हणजे सुतार वापरतात तेच, पण कमरेइतकं उंच आणि दोन हातांनी फिरवायचं. (हुबळीकडे गिरमिट हा खायचा पदार्थ, म्हणून आमचा तिकडचा ड्रायव्हर "गिरमिट काढा" म्हटलं की चुरमुऱ्याची ताटली येते का बघायचा.) यातली मेख अशी की एका खड्ड्यातली घाण गिरमिटाला चिकटून दुसऱ्या खड्ड्यात जाता कामा नये. म्हणून प्रत्येक खड्ड्याआधी ते साबणाने, ब्रशने घासून, शुद्ध पाण्याने धुवायचं. आणि धुणं नीट झालं का हे तपासायला, धुतलेल्या गिरमिटावरून पुन्हा थोडं शुद्ध पाणी ओघळू द्यायचं आणि ते बाटलीत धरून तेही तपासायला पाठवायचं. त्याला आम्ही कोरी बाटली म्हणतो. कोऱ्या बाटलीत काही सापडलं तर समजायचं, दोष जमिनीचा नाही, आपला आहे.

हा सगळा नियम मीच लिहिलेला आहे. त्यावर मी इतर शहरांत जाऊन भाषणं देतो. एकदा एकाने कोरी बाटली भरली नाही म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर असं झाडलं होतं की तो बिचारा नोकरी सोडून खरोखरच सॉफ्टवेअरमध्ये गेला. आज माझ्यापेक्षा जास्त कमावतो.

आता आयुधपूजा. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांच्या पेटीवर हळदकुंकू वाहतात, एक फूल ठेवतात आणि चहा पितात. बंगळुरात त्या दिवशी रिक्षासुद्धा वरातीला निघाल्यासारख्या दिसतात. गाड्यांना केळीचे खांब, चाकांखाली लिंबं, ऑफिसातल्या प्रिंटरलाही टिळा. आमचे मेस्त्री, म्हणजे खोदाईच्या टोळीचे मुखिया, अंगापिंडाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे, आठवडाभर आधीपासून मागे लागले होते. पूजा जोरात झाली पाहिजे, सार, ही जागा वाईट होती, तिची शांत केली पाहिजे. मी तर तयारच होतो. बाहेरून आलेल्या माणसाला स्थानिक व्हायची घाई असते. मी जाहीर केलं की सामान मी आणतो.

दुकानात दोन प्रकारची हळद होती. एक मळकी, मातकट. दुसरी अशी उजळ की डोळे दिपावेत. मी क्वालिटीचा माणूस. मी उजळ घेतली. दुकानदार म्हणाला, ही पूजेची आहे, सांबारात घालू नका. मला ते त्या हळदीचं कौतुकच वाटलं. देवाला राखून ठेवलेली, म्हणजे वरच्या दर्जाची असणार.

पूजा दणक्यात झाली. खोदाईच्या यंत्राला झेंडूच्या माळा घातल्या, फाटकाशी कुंकू भरलेला कोहळा फोडला, गल्लीभर कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे-डाळं, वाटली. अक्काही पोरांसाठी एक मोठा पुडा घेऊन गेल्या. मेस्त्री यंत्रांवरून आरती फिरवत असताना मला भाषण करायची इच्छा झाली. मी गिरमिट उचललं आणि माझ्या कानडीत म्हणालो की यंत्रं खणतात, पण खरं-खोटं हे ठरवतं, म्हणून खरं आयुध हे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कानडीला टाळ्या मिळायची ती पहिलीच वेळ. त्या भरात मी हळद कालवली आणि गिरमिटाला लावली. "स्वल्प, सार, स्वल्प," मेस्त्री म्हणत होते, पण मी कुठला ऐकतोय. नवरीला लावतात तशी लावली. पात्याला, पात्याच्या वरच्या खांद्याला, मुठीला. वर कुंकवाची बोटं ओढली. माती खणायच्या लहान खुरप्यांनाही सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. शुभ दिवस, हातासरशी नमुने घेऊन टाकू म्हणून मी टोळीला बोलावलं. आम्ही अवजारं धुतली. खरंच धुतली, नियमाप्रमाणे, ब्रशने, साबणाने. पाती लख्ख झाली. पण गिरमिटाच्या खांद्यावर, पात्याच्या जरा वर, तो पिवळाधमक पट्टा आणि त्यावरचा टिळा होता. ब्रश त्याच्या कडेकडेने फिरला. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. काल लावलेला देवाचा टिळा आज ब्रशने कोण खरवडणार? मी शेजारी उभा होतो. मी पाहिलं. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मला शब्दशः आठवतं: "तेवढं राहू दे."

आणि कोरी बाटली? ती भरली नाही. सुट्टीचा दिवस, प्रयोगशाळेचा एकच माणूस नमुने घ्यायला येणार, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात कोऱ्या बाटलीत कधीही काहीही सापडलेलं नव्हतं. जे कायम शून्य येतं ते कशाला मोजायचं, असा मी विचार केला. हा विचार मला तेव्हा फार परिपक्व वाटला होता.

निकाल आला तो नापास. अंगणाच्या चांगल्या अर्ध्या भागात क्रोमियम मर्यादेच्या वर. आणि नवीन म्हणजे शिसंही. शिसं या जमिनीत आधी नावालाच होतं. ते आता कुठून उगवलं? मी कागद उलटा करून पाहिला, जणू मागे "गंमत केली" असं लिहिलेलं असेल.

अक्कांना सांगायला मी गेलो तेव्हा त्या पोरांच्या जेवणानंतर सतरंज्या झटकत होत्या. मी वाक्याची बरीच तयारी केली होती, ती सगळी दारातच विसरलो आणि म्हणालो की अंगण नापास झालं, वर शिसंही निघालंय. त्यांनी सतरंजीची घडी घातली, तिच्यावर दुसरी ठेवली.

"दिवाळीच्या आधी म्हणालात की, अण्णा. आरामात म्हणालात."

मी म्हटलं, हो.

"मी आयांना सांगून बसले. त्यातली एक तर इथली खोली सोडून त्या गल्लीत राहायला गेली, पोराला जवळ व्हावं म्हणून." मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता काय करणार ते सांगा. काय झालं ते नको."

काय करणार हे मला माहीत नव्हतं. आमच्या साहेबांना माहीत होतं. ते फोनवर शांतपणे म्हणाले की नमुने पुन्हा घे, हा निकाल सध्या कुणाला दाखवू नकोस, पुढचा चांगला आला की तोच देऊ. मला हे पटलं नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मला ते बऱ्यापैकी पटलं होतं. फक्त पुन्हा घेतल्यावरही शिसंच निघालं तर काय, या भीतीने मी आधी प्रयोगशाळेत गेलो.

प्रयोगशाळा इंदिरानगरात, एका कॉफीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली कॉफीसाठी रांग, वर आमच्या मातीसाठी. तिथल्या मुख्य रसायनतज्ज्ञ बाई कमी बोलतात आणि चष्म्याच्या वरून बघतात, त्यामुळे आपण न केलेले गुन्हेही कबूल करावेसे वाटतात. मी माझा नकाशा काढला आणि कुठल्या चौकोनात किती हे दाखवायला लागलो. त्यांनी नकाशा बाजूला सारला आणि आकडे दुसऱ्याच क्रमाने मांडून माझ्यापुढे ठेवले. अंगणातल्या जागेप्रमाणे नाही, तर आम्ही बरण्या ज्या क्रमाने भरल्या त्या क्रमाने.

पहिली बरणी सगळ्यात वाईट. दुसरी तिच्याहून जरा बरी. मग तिसरी. असं जिना उतरल्यासारखं खाली खाली, शेवटच्या बरण्यांत जवळजवळ काहीच नाही.

"तुम्ही कुठून सुरुवात केली हे जमिनीला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मुलाम्याच्या कारखान्याची घाण असती तर क्रोमियमबरोबर निकेलही वाढलं असतं. इथे निकेल झोपलंय आणि क्रोमियम शिशाच्या गळ्यात गळा घालून फिरतंय. क्रोमियम आणि शिसं अशी जोडी एका पिवळ्या रंगात असते, म्हणाल्या, रस्त्यावरच्या पट्ट्यांना वापरतात तसल्या. तुमच्या अवजारांना पिवळा रंग दिलाय का?

मी म्हणालो, रंग नाही.

"मग?"

माणसाला स्वतःचा मूर्खपणा एकदम कळत नाही, तो खालून वर चढत येतो. माझ्या कानांपर्यंत आला तेव्हा मी म्हणालो, "हळद लावली होती."

त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून पुसला, आणि ते पुसणं गरजेपेक्षा बराच वेळ चाललं. मग विचारलं, उरली आहे का? उरली होती, बनशंकरीला आमच्या घरी, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात. मी तसाच जाऊन पुडी घेऊन आलो. उजळ दिसावी म्हणून सुट्या हळदीत असला पिवळा रंग मिसळतात हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी त्यावरचा एक लेख सहकाऱ्यांना पाठवलाही होता, खाली "भयंकर" असं लिहून. पुडी तपासून त्यांनी मला फोन केला. ही पुडी कुठे पुरू नका, म्हणाल्या, नाहीतर ती जागा साफ करायचं काम तुमच्याच कंपनीला घ्यावं लागेल.

म्हणजे गिरमिटाच्या खांद्यावरची हळद एकेका खड्ड्यात थोडी थोडी झडत गेली होती; अंगण बहुधा चांगलंच होतं आणि वाईट होतो मी. त्या आनंदात मी रिक्षाने थेट अक्कांकडे गेलो. सगळं सांगितलं, टिळ्यासकट. मला वाटलं त्या हसतील, सुटकेचा श्वास टाकतील, निदान कॉफी तरी विचारतील. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आता परत घेणार नमुने."

"हो, लगेच."

"आणि ते नापास आले तर आणखी एक हळद सापडणार?"

मी म्हटलं, असं कसं, अक्का.

"असंच की. नापास झालं की परत परीक्षा, पास होईपर्यंत. आमच्या पुतण्याने बारावी अशीच काढली. कोण विश्वास ठेवतं त्याच्यावर? आम्ही सुद्धा नाही." आवाज त्यांनी चढवला नव्हता. "माझी पोरं त्या मातीत बसणार. तुमचे साहेब नाही बसणार."

साहेबांचं फोनवरचं बोलणं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. तरी त्या वाक्याने मी दचकलो. क्वालिटीवर इतकी वर्षं भाषणं ठोकली, पण हा प्रश्न माझ्या एकाही भाषणात नव्हता: चांगला निकाल आल्यावर थांबायचं असं आधीच ठरवलेला माणूस जे मोजतो, त्याला मोजणं म्हणतात का?

मग आम्ही दोघांनी तिथेच, छोट्या पोरांच्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसून ठरवलं. पहिला निकाल लपवायचा नाही, हळदीच्या गोष्टीसकट ट्रस्टकडे द्यायचा. नमुने एकदाच पुन्हा घ्यायचे, जे येईल ते मान्य. प्रत्येक खड्ड्याआधी कोरी बाटली, आणि ती अक्का स्वतः धरणार. बरण्यांच्या झाकणांवर चिकटपट्टी, आणि तिच्यावर त्यांची सही. माझ्या चौकोनांखेरीज काही जागा त्या सांगतील तिथल्या. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हळदीचं नक्की लिहायलाच पाहिजे का? लिहिलं. आमच्या कंपनीच्या अहवालात 'नवरीला लावतात तशी' हे शब्द नाहीत, पण बाकी सगळं आहे.

मेस्त्रींचं मन वळवणं जास्त अवघड गेलं. टिळा पुसायचा म्हटल्यावर ते गिरमिटापुढे आडवेच उभे राहिले. सार, तुम्हीच लावलात, तुम्हीच टाळ्या घेतल्यात. मी शिशाबद्दल बोललो, ते अपशकुनाबद्दल बोलले, दोघंही आपापल्या विषयात तज्ज्ञ असल्यामुळे काही पुढे सरकेना. शेवटी त्यांनीच तोड काढली. पात्याची धार गेलेलं एक जुनं गिरमिट कोठीत पडून होतं. ते पूजेचं. दरवर्षी हळद त्याला, हार त्याला, आणि ते जमिनीला कधी लागणार नाही. कामाच्या गिरमिटाला त्यांनी हात जोडले, त्याची माफी मागितली आणि मग तारेच्या ब्रशने असं घासलं की मला पोलादाची दया आली. आज आमच्या नियमांत एक नवा परिच्छेद आहे: पूजेची आणि कामाची अवजारं वेगळी ठेवावीत. चेन्नईच्या ऑफिसने त्यावर खुलासा मागवला होता. मी खुलासा केला. आता त्यांच्याकडेही एक पूजेचं गिरमिट आहे.

नमुन्यांच्या दिवशी अक्का साडीचा पदर खोचून आल्या. त्यांनी सांगितलेल्या जागा बघून मी मनात हसत होतो. एक शेवग्याच्या झाडाखालची. कारण काय, तर ते झाड त्यांना पहिल्यापासून आवडलं नव्हतं. एक फाटकाशी. एक चक्क पायरीच्या खाली, जिथे गिरमिट सरळ उभंसुद्धा राहीना. आणि एक मागच्या भिंतीला अगदी लागून, माझ्या शेवटच्या दोरीच्या पलीकडच्या चिंचोळ्या पट्टीत. तिथे हात धुवायचा नळ घ्यायचाय, म्हणाल्या, पाण्याचा उतार तिकडेच आहे. कोरी बाटली मात्र त्यांनी अशी धरली की मी श्वास घेतला तरी "अण्णा, लांब" म्हणायच्या. प्रत्येक झाकणावर कानडीत पूर्ण नावाची सही, शेवटचं अक्षर सावकाश वळवून. ऊन चढलं, मेस्त्री कंटाळले, पण एकही सही आखूड झाली नाही.

आठवड्याने रसायनतज्ज्ञ बाईंचा फोन आला. कोऱ्या बाटल्या कोऱ्या. शिसं गायब. माझे सगळे चौकोन पास. शेवग्याचं झाड निर्दोष, फाटक निर्दोष, पायरी निर्दोष.

"आणि भिंत?"

"भिंतीजवळ क्रोमियम आहे," त्या म्हणाल्या. "या वेळी निकेलबरोबर."

म्हणजे खरंखुरं. पाण्याचा उतार कारखाना असतानाही तिकडेच होता आणि टाक्यांचं पाणीही तिकडेच गेलं होतं. माझ्या दोऱ्या भिंतीपासून हातभर अलीकडे संपत होत्या, कारण भिंतीला खेटून दोरी ताणता येत नाही आणि मला वाकायचा कंटाळा. दसऱ्याला नमुने पास झाले असते, तर ती पट्टी तशीच राहिली असती आणि तिच्यावर पोरांचा नळ आला असता.

मेस्त्रींना हे कळलं तेव्हा त्यांनी यंत्र बंद केलं आणि खाली उतरून माझ्याकडे आले. म्हणाले, बघा सार, पूजा केली म्हणून हळद, हळद म्हणून नापास, नापास म्हणून ही पट्टी सापडली. देवीने दाखवलं की नाही? मी तोंड उघडलं. अनेक शास्त्रीय मुद्दे होते. पण मी दोरी उचलली आणि भिंतीशी वाकून ती पट्टी आखायला लागलो.

ती पट्टी भिंतीच्या पायापर्यंत खणून काढली, नवी माती भरली, पुन्हा कोरी बाटली, पुन्हा अक्कांची सही. मिठाईवाला जावई तोवर खोलीच्या दारात येऊन मोजमापं घेऊन गेला होता. अक्कांनी सतरंज्या, पाट्या, खेळणी बांधून ठेवली होती, पण कुठे न्यायची हे न ठरवता. मी दर दोन तासांनी प्रयोगशाळेत फोन करायचो, शेवटी तिथल्या बाईंनी मला सांगितलं की यंत्र माझ्या फोनने लवकर चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दुपारी त्यांनी स्वतःहून फोन केला. पट्टी साफ. मी ते अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त "कोरी बाटली?" विचारलं. मी म्हटलं, कोरी. मग त्या म्हणाल्या, "सरी. या सतरंज्या उचलायला."

त्या संध्याकाळी मी, मेस्त्री आणि अक्का सामान घेऊन गल्लीतून दोन-तीन फेऱ्या चाललो. आया कामावरून सुटून तशाच आल्या आणि पोरांना घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. आत जायचं की नाही अशा, पायरीच्या अलीकडे. पोरांना तेवढा धीर कुठला. ती सुटली. त्यातली एक, गुडघ्याएवढी, दोन शेंड्या बांधलेली, सरळ मागच्या भिंतीशी गेली, बसकण मारली, तांबड्या मातीची मूठ भरली आणि तोंडात घातली.

तिची आई निघाली, पण अक्का आधी पोचल्या. त्यांनी पोरीचं तोंड उघडलं, एक बोट आत फिरवून माती बाहेर काढली आणि तशाच ओणव्या, ते तांबडं बोट वर धरून, माझ्याकडे बघितलं.

"सांगा, इंजिनियर. भ्यायचं का?"

साहेब नव्हते, नकाशा नव्हता, अहवालही हातात नव्हता. पोरगी हात पुढे करून दुसरी मूठ भरायच्या बेतात होती. मी आठवून पाहिलं. प्रत्येक बरणी, प्रत्येक बाटली, कुठे मी कंटाळलो होतो का, कुठे "राहू दे" म्हणालो होतो का. या वेळी नव्हतो.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी बोट पदराला पुसलं आणि पोरीला उठवून तिच्या आईकडे दिलं. "आतल्या नळावर ने, चूळ भरू दे," म्हणाल्या. "आणि बाकीच्यांना आत घ्या, आता अंधार पडेल."